द्राक्षे आपली, वायनरी दुसऱ्याची

जालना जिल्ह्याचे नाव निघाले की पोलाद, बियाणे आणि मोसंबी आठवते. मोसंबीला तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. द्राक्षाची ओळख त्यामानाने नवी, आणि ती मिळवून दिली मुख्यतः एका गावाने. जालना तालुक्यातल्या कडवंचीत १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मराठवाडा शेती सहाय्य मंडळाच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचे काम झाले. आधी माथ्यावर चर खणले गेले, मग बांधबंदिस्ती झाली, नंतर शेकडो शेततळी आली आणि शेततळ्यांच्या भरवशावर द्राक्षाचे मांडव उभे राहिले. २०१२च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला गेल्या, तेव्हा कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या. या गावाचे आणि आसपासच्या शिवाराचे द्राक्षावरचे प्रभुत्व नशिबाने आलेले नाही.

पण पाणी सांभाळणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती भाव मात्र नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्या राज्याचा माल एकदम बाजारात येतो, व्यापारी बागेत येऊन हात आखडतो आणि अवकाळी ढग दिसले की मिळेल त्या दराने माल तोडून द्यावा लागतो. बेदाणा हा एक मार्ग आहे. वाइन हा दुसरा, आणि तो डोक्यात येणे स्वाभाविक आहे. अडचण एवढीच की स्वतःची वायनरी म्हणजे कोट्यवधींची गुंतवणूक, परवाना, शीतकरण, प्रयोगशाळा आणि वाइनमेकर. पाच-सहा एकरांच्या बागायतदाराने तो विचार करूही नये.

मिळेल त्या दराने माल विकणे आणि स्वतःची वायनरी काढणे, या दोहोंच्या मधला एक रस्ता आहे आणि आज आम्हाला त्याविषयी लिहायचे आहे. परवानाधारक वायनरीकडे आपली द्राक्षे न्यायची, तिच्या टाक्या, यंत्रे आणि जाणकारी भाड्याने घ्यायची आणि आपल्या मनासारखी, आपल्या नावाची वाइन करून घ्यायची. जगात याला ‘कस्टम क्रश’ म्हणतात. आपल्याकडे स्वतःचे गुऱ्हाळ नसलेला शेतकरी ऊस घेऊन दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर जातो, हिशेब चुकता करतो आणि आपल्याच उसाचा गूळ घेऊन परततो. व्यवहाराचे तत्त्व तेच. फरक असा की गूळ त्याच दिवशी हाती पडतो. वाइन मात्र महिनोन्महिने दुसऱ्याच्या छताखाली राहते आणि तिच्या प्रत्येक लिटरवर सरकारचे लक्ष असते.

द्राक्ष-संस्कृती या भागाला परकी नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला होता. तिथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे त्याने नोंदवून ठेवले. दौलताबाद जालन्यापासून दूर नाही. आजचा बागायतदारही वर्षातून दोनदा छाटणी घेतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोड छाटणी. फक्त पीक एकदाच घेतो. युरोपातली वेल हिवाळ्यात झोपते. आपली झोपत नाही, म्हणून तिला कात्रीने वळण लावावे लागते. वाइनसाठी वेल वाढवणाऱ्याला ही गोष्ट नीट समजलेली असावी लागते आणि कडवंचीच्या शेतकऱ्याला ती समजलेली आहे.

मात्र इथेच पहिली गफलत होते. खाण्याच्या द्राक्षाची वाइन चांगली होईल, असे गृहीत धरले जाते. थॉमसन, सोनाका, माणिक चमन किंवा शरद सीडलेसचा बागायतदार सगळे कसब पणाला लावतो ते मणी मोठा करण्यासाठी. जीए म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या बुडवण्या, विरळणी, घडाला कागद, हे सगळे निर्यातीच्या १६-१८ मिलिमीटर मण्यासाठी. वाइनला नेमके उलटे हवे असते. रंग, वास आणि तुरटपणा सालीत असतो. मणी लहान असला तर रसाच्या मानाने साल जास्त भरते. म्हणून शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, सोव्हिन्यों ब्लां, शेनिन ब्लां या जातींचे मणी बारीक, सालदार आणि बियांचे असतात. खाणारा बी थुंकतो, वाइनमेकरला ती चालते.

दुसरा फरक रसातली साखर मोजणाऱ्या ब्रिक्स मीटरवर दिसतो. जालन्याच्या बागेत हे छोटे यंत्र आता अनेकांच्या खिशात असते. मणी दाबायचा, रसाचा थेंब काचेवर टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. खाण्याचा माल १७-१८ ब्रिक्सला तोडणीला येतो. वाइनचा माल २२ ते २४ पर्यंत वेलीवर ठेवावा लागतो, कारण यीस्ट साखर खाऊन मद्यार्क करते आणि एका ब्रिक्समागे साधारण अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त मद्यार्क मिळतो. २३ ब्रिक्सच्या द्राक्षाची वाइन १३ टक्क्यांच्या आसपास जाते. पण मराठवाड्याच्या मार्चमध्ये पारा पस्तिशी ओलांडतो तेव्हा साखर वाढत असतानाच आम्लता झरझर उतरते. साखर पुरेशी आणि आम्लता अजून शिल्लक, असे दिवस मोजकेच मिळतात. तोडणी तेव्हाच, तीही पहाटे किंवा रात्री बॅटरी लावून. उत्पादनाची हावही सोडावी लागते. खाण्याच्या बागेत एकरी दहा टनांपलीकडे जाणारा शेतकरी वाइनच्या जातीत तीन ते पाच टनांवर थांबतो, कारण वेलीवर घड वाढले की रस पातळ होतो.

फवारणीचे वेळापत्रकही बदलते. भुरीसाठी तोडणीच्या तोंडावर गंधक मारले तर ते रसातून टाकीत जाते आणि किण्वनात कुजक्या अंड्याचा वास धरते. डाऊनीसाठीच्या ताम्रयुक्त औषधांचा अंश जास्त राहिला तर यीस्ट अडखळते. ज्या वायनरीकडे माल न्यायचा तिचा वाइनमेकर हंगामात दोन-तीनदा बागेत येऊन गेला पाहिजे, ही अट आम्ही सर्वांत वर ठेवू. तयार माल वायनरीच्या दारात नेऊन ओतायचा आणि मग चांगल्या वाइनची अपेक्षा करायची, यात अर्थ नाही.

माल वायनरीत पोहोचला की निर्णयांची मालिका सुरू होते. आपल्या मनासारखी वाइन म्हणजे काय, ते या निर्णयांत ठरते. लाल वाइनचेच घेऊ. देठ काढून, हलके चुरून शिराझ टाकीत पडते. दोन दिवसांत किण्वन जोर धरते आणि कार्बन डायऑक्साइड साली वर ढकलतो. टाकीत वर सालींचा जाड, गरम थर आणि खाली रस अशी स्थिती होते. हा थर दिवसातून दोन-तीन वेळा खाली दाबावा लागतो, नाही तर खालचा रस पंपाने त्यावर फिरवावा लागतो. तो कोरडा पडला की त्यावर आंबटाचे जिवाणू बसतात. टाकीच्या तोंडाशी वाकून कोणी खोल श्वास घेत नाही. तिथे हवा नसते. तापमान तिशीच्या वर गेले की यीस्ट थकते आणि वास उडून जातो, म्हणून टाकीभोवती थंड पाणी फिरवणारे कवच असते आणि वीज गेली तर जनरेटर तयार हवा. पांढऱ्या वाइनला तर १२ ते १८ अंश लागतात. सालींवर रस पाच दिवस ठेवायचा की बारा, आम्लता टार्टारिकने सावरायची का, दुसरे म्हणजे मॅलोलॅक्टिक किण्वन होऊ द्यायचे का, ओकच्या पिंपात मुरवायची की स्टीलच्याच टाकीत ताजी ठेवायची, हे सगळे निर्णय असतात. या प्रत्येक ठिकाणी ग्राहकाला विचारले गेले तरच ती त्याची वाइन. नाहीतर वायनरीच्या नेहमीच्या मालावर त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवली, एवढेच.

परक्याच्या मदतीने वाइन करणे महाराष्ट्राला नवे नाही. श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात नारायणगावात फ्रेंच तंत्रज्ञानाच्या साह्याने फेसाळती वाइन केली आणि ती परदेशात गेली. राजीव सामंतांनी नाशिकमध्ये सुला उभी केली ती कॅलिफोर्नियाच्या केरी डॅम्स्की यांच्या सल्ल्याने. २०००मध्ये तिची वाइन बाजारात आली. अकलूजच्या फ्रातेल्लीत मोहिते-पाटील आणि सेखरी कुटुंबांबरोबर इटलीचे सेची बंधू होते. पुढे याच वायनरीने स्टीव्हन स्पुरिअर या जाणकार इंग्रज वाइन-समीक्षकाबरोबर खास वाइन काढली. स्पुरिअर यांनीच १९७६मध्ये पॅरिसला फ्रेंच आणि कॅलिफोर्नियन वाइनची प्रसिद्ध आंधळी चाचणी घडवून आणली होती. चव एकाची, बाग आणि टाकी दुसऱ्याची, असा स्पुरिअर आणि फ्रातेल्लीचा तो उपक्रम होता. म्हणजे आपल्याकडे हा मार्ग मोठ्या नावांना खुला झाला आहे. प्रश्न आहे तो सामान्य बागायतदाराचा.

तिथे मोजमाप आडवे येते. एक टन द्राक्षापासून साधारण ६०० ते ७०० लिटर वाइन निघते. ओकचे प्रचलित पिंप २२५ लिटरचे, म्हणजे ३०० बाटल्या. त्याला साडेतीनशे किलोच्या आसपास माल पुरतो. एका पिंपाची वाइन ऐकायला सोपी वाटते. पण वायनरीतल्या टाक्या हजारो लिटरच्या असतात. पाच हजार लिटरची टाकी भरायला साडेसात टनांच्या वर द्राक्ष लागते, म्हणजे वाइनच्या जातीचे साधारण दोन एकर. टाकी अर्धवट भरून ठेवता येत नाही. वर राहिलेली हवा वाइनचा शिरका करते. त्यामुळे छोट्या शेतकऱ्याचा माल दुसऱ्याच्या मालात मिसळला जातो आणि ‘आपली’ हा शब्द तिथेच संपतो. यावर उपाय दोन. पाचशे-हजार लिटरच्या छोट्या टाक्या ठेवणारी वायनरी शोधायची, किंवा एकाच जातीची, एकाच पद्धतीने वाढवलेली द्राक्षे घेऊन चार-पाच बागायतदारांनी एकत्र जायचे. कडवंचीसारख्या गावाला दुसरा मार्ग सोयीचा आहे, कारण पाणलोटाच्या कामाने तिथे एकत्र निर्णय घेण्याची सवय लागलेली आहे. द्राक्ष बागायतदारांच्या संस्थांनी १९९१मध्ये महाग्रेप्स उभारली, तेव्हा पूर्वशीतकरणाची सोय सामाईक करून छोट्या शेतकऱ्याचा माल युरोपात पोहोचवला होता. फ्रान्समध्येही मारोसां गावच्या द्राक्ष उत्पादकांनी १९०१मध्ये अशीच मोट बांधली आणि सहकारी वायनऱ्यांची परंपरा तिथून वाढली.

कायद्याचे काय? १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार आपल्या राज्यात परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. घरी हौसेने द्राक्षाची वाइन करणेही त्यात येते. अमेरिकेत प्रौढ व्यक्ती वर्षाला १०० गॅलन वाइन घरी करू शकते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तर भाड्याने वाइन करून देणारी दुकाने आहेत. तिथे यीस्ट ग्राहकाने स्वतःच्या हाताने घालायचे, बाटल्याही स्वतः भरायच्या आणि ती वाइन विकायची नाही, असा नियम आहे. आपल्याकडे अशी मोकळीक नाही आणि आजच्या परिस्थितीत ती मागावी असेही आम्हाला वाटत नाही. आपल्याकडे किण्वन परवानाधारक वायनरीतच होणार, लेबलला राज्य उत्पादन शुल्क विभागाची मान्यता लागणार आणि विक्री परवानाधारकांमार्फतच होणार. कायद्याच्या नजरेत उत्पादक वायनरी असते. शेतकरी असतो ब्रँडचा धनी.

या व्यवहारावर कर कसा लागतो, तेही पाहिले पाहिजे. मानवी सेवनाचे मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. पण ते दुसऱ्यासाठी तयार करून देण्याच्या सेवेवर, म्हणजे जॉबवर्कवर, १८ टक्के जीएसटी लागतो. जीएसटी परिषदेच्या सप्टेंबर २०२१च्या बैठकीनंतर १ ऑक्टोबर २०२१पासून हा दर स्पष्ट झाला. आणि तयार माल जीएसटीबाहेर असल्याने भरलेल्या कराचा परतावाही मागता येत नाही. स्वतःची वायनरी असणाऱ्याला हा बोजा नाही, दुसऱ्याच्या वायनरीत जाणाऱ्याला आहे. छोट्या उत्पादकाच्या विरोधात जाणारी ही तरतूद आहे. दुसरीकडे, राज्याच्या वाइन उद्योग प्रोत्साहन योजनेत २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के वायनरीला परत मिळतात. ज्याच्या द्राक्षावर ही वाइन झाली त्याच्या वाट्याला त्यातले किती यावे, हे करारात लिहून घ्यायला हवे. ते आपोआप मिळत नाही.

कराराचा विषय निघाला की नाशिक आणि सांगलीच्या शेतकऱ्यांना २००९ आठवते. २००१च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, शेतकऱ्यांनी वाइनच्या जाती लावल्या, अनेकांनी वायनऱ्याही काढल्या. मग जागतिक मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलांमधला खप घटला आणि तेव्हाची देशातली अग्रगण्य वाइन कंपनी इंडेज कोसळली. शेतकऱ्यांचे पैसे अडकले आणि कंपनी पुढे अवसायनात गेली. ज्यांनी वाइनची द्राक्षे लावली होती त्यांनी कुऱ्हाड घेऊन ती तोडली, कारण ती ना बाजारात खपत होती ना बेदाण्यात. वाइनच्या जातींना दुसरे गिऱ्हाईक नसते, ही या पिकाची सर्वांत मोठी जोखीम. अमेरिकेतही वेगळे घडले नाही. २००४मध्ये सान फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या क्रशपॅडने हौशी लोकांना एकेक पिंप वाइन करून देण्याची सोय केली आणि तिचे जगभर कौतुक झाले. २०१२मध्ये ती बंद पडली, तेव्हा तिच्या गोदामात मुरत पडलेली वाइन आपल्या ताब्यात कशी आणायची, हा प्रश्न ग्राहकांपुढे उभा राहिला.

म्हणून करारात सर्वांत आधी मालकी लिहिली पाहिजे: टाकीतला रस, पिंपातली वाइन आणि बाटलीतला माल कोणाचा, आणि वायनरीवर बँकेचा बोजा आला तर तो या मालाला लागू होणार नाही याची हमी. स्वतंत्र लॉट क्रमांक हवा आणि तो वायनरीच्या नोंदवहीत शेतकऱ्याच्या नावासह दिसायला हवा. गाळ आणि बाष्पीभवनाने घट येणारच. ती किती टक्क्यांपर्यंत मान्य, तेही ठरवावे. नमुना घेऊन तो त्रयस्थ प्रयोगशाळेत तपासण्याचा हक्क हवा. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७पासून आहे. तिथल्या ज्ञानाचा फायदा या कामी घेता येईल. उत्पादन शुल्क विभागाने मनावर घेतले तर ही अवघड गोष्ट नाही: वायनऱ्यांच्या नोंदींतच ‘शेतकऱ्याचा लॉट’ असा स्वतंत्र रकाना असावा आणि त्याला कायदेशीर वजन असावे. नाशिकच्या काही छोट्या वायनऱ्यांत टाक्या रिकाम्या राहत असतील. मराठवाड्याच्या मालासाठी त्या वापरल्या गेल्या तर दोन्ही बाजूंचे भले होईल. समृद्धी महामार्गामुळे जालन्याहून रात्री निघालेली क्रेट सकाळी उन्हे चढण्याआधी नाशिकच्या क्रशरवर पोहोचू शकतात. पूर्वी हे इतके सोपे नव्हते.

एका आक्षेपाला उत्तर द्यायला हवे. जानेवारी २०२२मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा राज्यभर विरोध झाला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, वारकरी रस्त्यावर उतरले, आणि तो निर्णय अंमलात आला नाही. त्या वेळी काही नेते म्हणाले की वाइन म्हणजे दारू नव्हे. आम्हाला ते म्हणणे मान्य नाही. तेरा टक्के मद्यार्क असलेले पेय मद्यच असते, आणि मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे निर्धोक नाही हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये स्पष्ट केले आहे. मराठवाड्यात गावोगावच्या बायकांनी बाटली आडवी करण्यासाठी मतदान केले ते घरातला मार आणि उधळलेली मजुरी पाहून. त्यांच्या लढ्याला हलके लेखणारा कोणताही युक्तिवाद आम्ही करणार नाही. पण वाइन कोठे, किती आणि कोणाला विकायची हा एक प्रश्न झाला, आणि ती जेव्हा होणारच आहे तेव्हा तिच्या किमतीतला वाटा द्राक्ष पिकवणाऱ्याला किती मिळावा, हा दुसरा. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत बाटली उघडली जाते, तिच्यात सव्वा किलोच्या आसपास द्राक्ष असते, आणि शेतकऱ्याला त्या किमतीतला अगदी किरकोळ भाग मिळतो. आज त्याला फक्त माल विकता येतो. स्वतःच्या नावाने वाइन करून घेता आली, तर किमतीच्या वरच्या पायऱ्यांवर तोही चढू शकेल.

मोसंबीचीही वाइन करावी, असे जालन्यात अधूनमधून बोलले जाते. फळांच्या वाइनला राज्यात जागा आहे. पालघरच्या बोर्डीत चिकूची होते. मोसंबीचा रस मात्र ठेवला की लिमोनिनमुळे कडू होतो आणि किण्वनाने तो कडवटपणा लपत नाही. बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्राने यावर काम केले, तर ते जिल्ह्याच्या उपयोगाचे ठरेल. तोवर या विषयात द्राक्षाशिवाय पर्याय नाही.

ज्या बागायतदारांना हे करून पाहायचे आहे, त्यांनी पूर्ण बाग पालटू नये. अर्धा-एक एकर पुरे. डॉगरिज किंवा ११० आर खुंट उन्हाळ्याआधी लावावा, पावसाळ्याच्या शेवटी त्यावर कलम करावे. वाइनसाठी धरण्याजोगा पहिला माल त्यानंतर दीड-दोन वर्षांनी येतो. खुंट जमिनीत असताना आणि कलमाची काडी अजून आणलेली नसताना वायनरीशी बोलणे सुरू झाले पाहिजे. कोणती जात हवी, किती टन घेणार, टाकी किती लिटरची, कोणाच्या नावाने नोंद होणार. या चार प्रश्नांची लेखी उत्तरे जी वायनरी देईल, तिच्याच सांगण्यावरून काडी आणावी.